अण्णांना सांगायचं कसं?

‘वडीलधाऱ्या माणसाला न दुखावता चूक कशी दाखवायची?’ हा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा दुकानाच्या हिशेबावरून नाहीतर घराच्या वाटणीवरून येतो. राजारामपुरीतल्या एका गृहस्थांचा तो ब्रिजवरून, म्हणजे जोडीने खेळायच्या पत्त्यांच्या खेळावरून, आला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पार्टनर म्हणजे त्यांचे थोरले साडू, सगळ्यांचे अण्णा. भांडणानंतर दोघी बहिणींचं जाणं-येणंही थांबलं होतं.

झालं असं, की अण्णांनी वन नो ट्रम्पने, म्हणजे बिनहुकुमाच्या बोलीने, सुरुवात केली. धाकट्यांच्या हातात पाच बदाम आणि दोनच चौकट. ते मोबाईलवर ‘ट्रान्सफर’ शिकलेले. त्यात बदाम असले की टू डायमंड (चौकट) म्हणायचं आणि पार्टनरने टू हार्ट (बदाम) बोलायचं. अण्णा जुन्या पद्धतीचे. त्यांनी चौकटच समजून पास दिला. डाव सपशेल बुडाला.

‘पाहुणं, दोन पानांवर चौकट बोलताय व्हय?’ अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले.

‘अख्खं जग असंच खेळतंय,’ म्हणून धाकटे उठून आले.

मी त्यांना अण्णांचे तेरा पत्ते कागदावर लिहायला सांगितले. फक्त तेवढेच. अण्णा डमी होते, म्हणजे त्यांचे पत्ते टेबलावर उघडे होते, त्यामुळे ते यांना तोंडपाठ होते. ‘आता ट्रान्सफर विसरा. या हातावर तुम्ही काय बोलला असता?’ बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले. ‘पासच,’ म्हणाले.

बोली लावताना प्रत्येकाला ५२ पैकी आपलेच १३ पत्ते दिसतात. डाव संपल्यावर सगळे दिसतात आणि मग पार्टनर मूर्ख वाटायला लागतो. म्हणून ‘असं का केलंत?’ हा प्रश्न मी टाळायला सांगते. तो उलटतपासणीसारखा लागतो. त्यापेक्षा, ‘मी टू डायमंड म्हणालो तेव्हा माझ्याकडे काय असेल असं वाटलं?’ एवढं विचारावं आणि गप्प बसावं. तेही टेबलावर नाही. चारचौघांत कुणीच आपली बाजू सोडत नाही, आणि पुढचा डाव खोळंबतो तो वेगळाच. दुसऱ्या दिवशी, घरी, चहा घेताना विचारावं. टेबलावर डमी उघडल्यावर ‘थँक यू, पार्टनर’ म्हणायची रीत आहे. पत्ते बघून पोटात गोळा आला तरी तेवढंच म्हणावं.

रविवारी ते अण्णांकडे गेले.

‘चौकटच वाटली की! दुसरं काय वाटणार?’ अण्णा म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, ‘तुमच्या मनात काय होतं?’

या वयात नवं कुठं शिकायचं, हा अण्णांचा मुद्दा. धाकट्यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचा दाखला दिला. पुरुष जोडीत सुवर्णपदक जिंकलेले प्रणव बर्धन तेव्हा ६० वर्षांचे होते, शिवनाथ सरकार ५६.

‘त्यांचं आधी ठरलेलं असतं, पाहुणं,’ अण्णा म्हणाले.

अगदी बरोबर बोलले. या दोघांचं ट्रान्सफरबद्दल कधी काही ठरलंच नव्हतं.

स्टेमन आणि ब्लॅकवुड हे बोलीचे संकेत दोघांना येतात, तेवढं त्यांनी कागदावर लिहून काढलं. जोडीचे संकेत जाणून घ्यायचा प्रतिस्पर्ध्यांना हक्क असतो, त्यामुळे असा कागद तसाही लागतोच. ट्रान्सफर तूर्त नाही. धाकटे जरा हिरमुसले, कारण पद्धत खरंच चांगली आहे. पण ती एकालाच येत असेल तर जोडीच्या कामाची नाही, म्हणून आग्रह धरू नका असं मी स्पष्ट सांगितलं. पुढच्या महिन्यात घरी, पत्ते उघडे ठेवून, चार डाव ट्रान्सफरने खेळून बघायला अण्णा तयार झालेत. वारही त्यांनीच ठरवलाय.