रूळ गेले, वाट राहिली: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या पायवाटा आणि तिथली फुलं-पाखरं यावर लिहिलं होतं, त्यावर बऱ्याच जणांनी प्रश्न पाठवलेत. सगळे घेता येणार नाहीत, पण जे परत परत आलेत ते इथे.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात पण तिला चालायची भारी हौस आहे. जुन्या रेल्वेमार्गावर तिला घेऊन जावं का?

जावं की, उलट अशांसाठी याच्याइतकी चांगली वाट नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे रेल्वे बांधणाऱ्यांना चढ फार ठेवताच यायचा नाही, साधारण शंभर मीटर चाललं की एखादा मीटर वर, फारच डोंगराळ भाग असेल तर दोन. म्हणून तर त्यांनी डोंगर फोडले आणि खोलगट भागात भराव टाकले. इंग्लंडात पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्सल ट्रेल घ्या, १९६८ साली बंद झालेली लाइन, सुमारे १४ किलोमीटरची वाट, आजूबाजूला उभे कडे आणि खोल दरी, पण तुम्ही आपले जवळजवळ सपाटीवरून चाललेले असता. २०११ मध्ये तिथले मोठे बोगदे उघडल्यापासून तर वळसा घालून चढउतार करायचीही गरज उरली नाही.

दोन गोष्टी मात्र आधी विचारून घ्या. एक म्हणजे वाटेवर वरचा थर काय आहे, कारण नुसती गिट्टी, म्हणजे रुळांखालची खडी, असेल तर धडधाकट माणसाचेही घोटे बोलायला लागतात. दुसरी म्हणजे मधले पूल शाबूत आहेत का. पूल काढून टाकलेला असला की तिथे भरावावरून पायऱ्यांनी खाली, रस्ता ओलांडून परत वर, आणि नेमकं तेच गुडघ्यांना नको असतं.

प्रश्न: तुम्ही लिहिलं होतं की अशा मार्गांवर खूप जीवसृष्टी असते. आम्ही दोन तास चाललो, कावळे आणि सायकलवाले सोडून काही दिसलं नाही. आमचं काय चुकलं?

बहुतेक तुम्ही समोर बघत चाललात. रेल्वेची वाट सरळ असते, पाय आपोआप वेग घेतात आणि नजर लांब जाते, आणि इथे बघण्यासारखं जे आहे ते सगळं बाजूला आणि खाली. शिवाय ते सगळीकडे सारखं नसतं, रेल्वे बांधताना जमिनीचं जे काही केलं गेलं त्यानुसार जागा ठरलेल्या असतात, तेवढं वाचता आलं की निम्मं काम झालं.

कटिंगपासून सुरू करा, म्हणजे डोंगर कापून लाइन नेलेली असते ती जागा. लाइन पूर्व-पश्चिम जात असेल तर दोन भिंतींत मिळून दोन वेगळे प्रदेश असतात. युरोपात दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू दिवसभर तापते, कोरडी असते, तिथे सरडे, फुलपाखरं, उन्हाला आलेले साप. समोरची बाजू कायम सावलीत, तिथे नेचे, शेवाळ, गोगलगायी, आणि मधे अंतर किती तर दहा-पंधरा पावलं! सकाळी ऊन आल्यावर पहिला तासभर तापणाऱ्या बाजूला हळू चाला, पाय न आपटता, कारण थंड रक्ताच्या प्राण्यांना तेव्हा ऊन घेतल्याशिवाय पळताच येत नाही. ब्रिटनमधला एकमेव विषारी साप, अ‍ॅडर, वसंताच्या सुरुवातीला असाच बसलेला दिसतो, त्याच्या पाठीवर गडद नागमोडी पट्टा असतो. लांबून बघा, काठी बिठी लावू नका.

मग गिट्टी. पाणी धरत नाही, माती जवळजवळ नाही, उन्हात तापते. बागेतली झाडं अशा ठिकाणी तग धरत नाहीत म्हणूनच रानातली चिवट, बुटकी झाडं टिकतात, त्यांना गर्दी करणारं गवत तिथे नसतं ना. इंग्लंडात जुन्या रुळांच्या जागी रानस्ट्रॉबेरी पसरते आणि तिच्यावर ग्रिझल्ड स्किपर नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. जेमतेम अडीच सेंटीमीटरचं, काळपट पंखांवर पांढरे चौकोनी ठिपके, जमिनीलगत इतकं झपझप उडतं की माशी समजून आपण पुढे जातो. ते उघड्या दगडावर बसलं की वाकून बघा, पंख पसरून ऊन घेत असतं.

गिट्टीवरून आठवलं, ऑक्सफर्ड रॅगवर्ट नावाचं पिवळ्या फुलांचं झुडूप आहे त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूळ सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीच्या उतारांवरचं. ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आणलं, तिथून भिंतींवर पळालं, आणि १८४४ मध्ये गावात रेल्वे आली तशी त्याला जशी हवी तशी जमीन मिळाली, कारण इंजिनाची राख आणि खडी म्हणजे त्याच्या लेखी घरचा लाव्हाच! हलकं केसाळ बी धावत्या गाडीच्या मागच्या वाऱ्याने उडत पुढे सरकत गेलं आणि बघता बघता ब्रिटनभर झालं.

आणि जमलं तर जून-जुलैमध्ये अंधार पडल्यावर जा. काजव्याची जी जात ब्रिटनमध्ये आहे तिच्या मादीला पंख नसतात, ती गवताच्या काडीवर चढून एका जागी हिरवी पेटलेली असते. तिच्या अळ्या गोगलगायी खातात, म्हणून सावलीच्या दमट बाजूला गोगलगायी दिसल्या असतील ती जागा दिवसा लक्षात ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावला तर काही दिसणार नाही हे सांगायला नको.

प्रश्न: आम्ही जातो त्या वाटेवर संस्थेचे लोक हिवाळ्यात चांगली वाढलेली झाडं तोडत होते. निसर्गाला त्याच्या मनाने वाढू द्यायला काय हरकत आहे?

राग येणं साहजिक आहे, पण मी तोडणाऱ्यांच्या बाजूचा आहे. वर सांगितलेलं सगळं मोकळ्या, उन्हाच्या जागेवर जगतं, आणि ती जागा निसर्गाने मोकळी ठेवलेली नव्हती. वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी कडेचं गवत वरचेवर पेटायचं, ते पेटू नये म्हणून रेल्वेची माणसं कडा कापून ठेवायची. गाड्या थांबल्या, कापणारे गेले, की आधी उंच गवत, मग काटेरी जाळ्या, मग बर्च आणि विलोची झाडं आणि काही वर्षांत सावली. सावलीचेही रहिवासी असतात हे मान्य, पण रानस्ट्रॉबेरी गेली की ते फुलपाखरू गेलंच. म्हणून टप्प्याटप्प्याने थोडं तोडायचं, थोडं ठेवायचं, आणि पक्ष्यांची घरटी नसतात तेव्हाच, म्हणजे हिवाळ्यात. सगळीच वाट एका झटक्यात साफ करत असतील तर मात्र जरूर जाऊन विचारा.

प्रश्न: लांब बोगद्यात वटवाघळं असतात का? मुलं घाबरतील.

असतात, पण मुलांपेक्षा तीच जास्त घाबरलेली असतात. थंडीत ती विटांच्या फटीत झोपलेली असतात, शरीर गार करून, साठवलेल्या चरबीवर महिने काढायचे असतात. उजेडाने किंवा आरडाओरड्याने जाग आली की त्या चरबीचा मोठा हिस्सा जळतो आणि बाहेर खायला किडे नसतात. ब्रिटनमध्ये त्यांना मुद्दाम त्रास देणं गुन्हा आहे. इंग्लंडातल्या बाथ शहराजवळचा कूम डाउन बोगदा १,६७२ मीटर लांब आहे, २०१३ पासून चालायला-सायकलला खुला, आत दिवे आहेत पण रात्री उशिरा ते बंद ठेवतात. बंद बोगद्याच्या तोंडाला आडव्या गजांची जाळी दिसली तर ती वटवाघळांना ये-जा करता यावी आणि आपल्याला करता येऊ नये यासाठीच असते.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय-स्पार्टा ट्रेलवर तीन बोगदे आहेत, सगळ्यात लांब सव्वा किलोमीटरच्या आसपास, आत दिवे नाहीत आणि छतातून पाणी ठिबकतं. तिथे मुलांना दोघांत एक तरी बॅटरी द्या.

प्रश्न: प्रसिद्ध वाटा सोडून आपल्या आपण जुनी लाइन कशी शोधायची?

ब्रिटनपुरतं सोपं आहे. १९६३ च्या बीचिंग अहवालात २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ८,००० किलोमीटर मार्ग बंद करायची शिफारस होती, त्यामुळे खुणा जिकडेतिकडे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने नकाशे आजच्या सॅटेलाइट फोटोवर ठेवून स्लायडरने सरकवून बघता येतात, तासन् तास जातात त्यात. बाकी कुठेही सॅटेलाइट फोटोत शेतांच्या बांधांना न जुमानता मोठ्या संथ वळणांनी जाणारी झाडांची पट्टी शोधा, रस्ता तशी वळणं घेत नाही. शेताच्या मधोमध एकटाच उभा पूल दिसला तर शंकाच नको.

सापडली म्हणजे जाता येतं असं नाही हां. बऱ्याच तुकड्यांची मालकी शेतकऱ्यांकडे गेली आहे, विचारल्याशिवाय कुंपण ओलांडू नका. आणि रूळ जागेवर असतील तर "बंद" पाटीवर विश्वास ठेवून त्यावर चालू नका. रूळ उखडलेल्या लाइनीसुद्धा परत येतात, एडिनबरोच्या दक्षिणेची १९६९ मध्ये बंद झालेली लाइन २०१५ मध्ये ट्वीडबँकपर्यंत पुन्हा धावायला लागली.

प्रश्न: कडेच्या ब्लॅकबेरी खाव्यात का?

जिथे रूळ होते तिथल्या नको. रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजू नयेत म्हणून क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरवलेले असत, वर इंजिनाची राख आणि तणनाशकं, ते सगळं मातीत आहे. लांबच्या कुंपणावरच्या खा, धुऊन.

प्रश्न: एकच सहल करायची झाली तर कुठे?

माझं मत विचाराल तर स्पेनमधली व्हिया वेर्दे दे ला सिएरा, आंदालुसियात ओल्वेरा ते पुएर्तो सेरानो, ३६ किलोमीटर, ३० बोगदे, चार मोठे पूल, आणि गंमत म्हणजे या लाइनीवरून एकही प्रवासी गाडी कधी धावली नाही, बांधकाम अर्धवट राहिलं. वाटेत साफ्रामागोनचा प्रचंड सुळका आहे, त्याच्या कपारीत ग्रिफन गिधाडांची मोठी वसाहत, आणि तिथल्या स्टेशनाच्या इमारतीत त्यांची माहिती देणारं केंद्र. गिधाडं भल्या पहाटे बघायला जाऊ नका, जमीन तापून गरम हवा वर चढायला लागली की मगच ती कपारी सोडतात, तेव्हा दहा-अकराच्या सुमाराला दुर्बीण घेऊन सुळक्यासमोर असा. दुपारी ऊन कडक होतं, पाणी भरपूर ठेवा आणि बोगद्यांसाठी बॅटरी विसरू नका.