गोदामात रोबोट आलेत, मग मुलीने तिथे नोकरी धरावी का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी लॉजिस्टिक्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मोठ्या ऑनलाइन विक्रीच्या गोदामातून तिला प्रशिक्षणार्थी म्हणून बोलावणं आलंय. घरच्यांचं म्हणणं असं, की तिथे रोबोटच राबणार आहेत, त्यापेक्षा तिने एआयचा कोर्स करावा. माझं मत विचाराल तर तिला जाऊ द्या. कोर्स पुढेही करता येतो, आणि गोदाम आतून पाहिलेल्याला तो जास्त कळतो.

घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. माल गोळा करणाऱ्याचा बराच वेळ नुसता चालण्यात जायचा. ॲमेझॉनने 2012 साली किवा सिस्टिम्स ही गोदामाचे रोबोट बनवणारी कंपनी विकत घेतली, ती हीच पायपीट वाचवायला. तिचे बुटके रोबोट जमिनीवरच्या खुणा वाचत अख्खं कपाट उचलून माणसापुढे आणून ठेवतात. कोणता माल कुठे ठेवायचा, कोणत्या ऑर्डरी एकत्र काढायच्या, हेही आता सॉफ्टवेअर सुचवतं. फक्त ‘चाला, स्कॅन करा, टाका’ एवढंच येणाऱ्याची गरज कमी होत जाणार.

‘हाताचं काम यंत्राला जमणार नाही’ यावरही विसंबू नका. ॲमेझॉनने 2025 मध्ये दाखवलेल्या व्हल्कन रोबोटला स्पर्श कळतो. पण एखादी वस्तू आवाक्याबाहेरची वाटली, की तोही माणसाला हाक मारतो. तुमच्या मुलीची जागा या हाकेच्या पलीकडे आहे.

उदाहरणच घ्या. सिस्टीम म्हणते कप्प्यात 12 नग आहेत, हाताला लागतात 6. चोरी? नाही. दोन बाटल्यांचा प्रत्येक जोडपॅक माल घेताना कुणीतरी दोन नग म्हणून नोंदवलाय. सॉफ्टवेअर आता त्या 12 च्या भरवशावर ऑर्डरी घेत राहणार. अशी गडबड हुडकणारा, ती पावतीपासून कप्प्यापर्यंत मागे नेणारा आणि नोंद दुरुस्त करणारा माणूस लागतोच. वस्तूची मापं चुकीची भरली की पॅकिंगचं खोकंही चुकीचंच सुचवलं जातं. एआय कितीही हुशार असो, नोंद खोटी असेल तर तो हुशारीने चुकतो!

म्हणून पहिले काही महिने तिने माल घेणं, लावणं, काढणं, पॅकिंग, सगळीकडे हात घालावा. मग स्टॉक तपासणीच्या टीममध्ये जायचा प्रयत्न करावा. एक्सेल पक्कं हवं, डेटाबेसमधून हवी ती माहिती काढण्यापुरतं एसक्यूएल संध्याकाळी शिकता येईल. रोबोट दुरुस्तीत रस असेल तर ती वेगळी वाट; त्यासाठी मात्र इलेक्ट्रॉनिक्सचा पाया लागतो.

एक गोष्ट पत्रात तुम्ही विचारलेली नाही, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. रोबोट कपाट आणून देतो तेव्हा चालणं वाचतं, पण एकाच जागी उभं राहून तेच वाकणं, तेच वळणं तासन्‌तास चालतं आणि वेग यंत्र ठरवतं. खांदे आणि कंबर याची किंमत मोजतात. तेव्हा मुलाखतीत तिने स्पष्ट विचारावं: तासाचं टार्गेट किती, कामाची जागा किती वेळाने बदलतात, सिस्टीमची सूचना चुकीची वाटली तर काम थांबवायचा अधिकार कुणाला? शेवटच्या प्रश्नावर ‘तशी वेळच येत नाही’ असं उत्तर मिळालं, तर दुसरं गोदाम बघा.