पाकिटाची मागची बाजू आधी वाच

प्रिय बेटा,

आरोग्य उपकेंद्रावर तुझी नेमणूक झाली, आता घरभेटी सुरू होतील. पहिल्याच भेटीत "पोरांना खाऊची पाकिटं देऊ नका" असं सांगू नको. आई सकाळीच निंदणाला गेलेली असते. चार वाजता शाळेतून पोरगं येतं तेव्हा चूल थंड असते आणि चौकातल्या दुकानात पाच रुपयांचे पोंगे टांगलेले असतात. ती वेळ भरायची सोय सुचवल्याशिवाय तुझं बोलणं कोणी मनावर घेणार नाही.

आधी स्वतः एक पाकीट उलटं करून वाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत मक्याचं पीठ आणि पामोलिन तेल दिसलं की माल काय आहे ते कळलं. वर रंगवलेला टोमॅटो यादीत पार शेवटी सापडतो. बिस्किटांत साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशी नावं वेगवेगळी लिहिलेली असतात, त्यामुळे साखर आहे त्याहून कमी वाटते. मग सोडियम बघ; त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. आकडा बहुधा 100 ग्रॅमचा असतो. समज 800 मिलिग्रॅम लिहिलंय आणि पाकीट 20 ग्रॅमचं आहे: पाचाने भागून 160, त्याला अडीचने गुणून 400 मिलिग्रॅम मीठ. दिवसाला तीन पाकिटं म्हणजे 1.2 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते, लेकराला त्याहून कमी. घरचा ठेचा, लोणचं, पापड वेगळंच.

मला मात्र मिठापेक्षा मेलेल्या भुकेची काळजी जास्त वाटते. पोंगा यंत्रात दाबाने फुगवलेला असतो; जिभेवर ठेवला की चावायच्या आधी विरघळतो. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, तोवर दुसरं पाकीट फुटलेलं असतं. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे कारखान्यातलं तयार अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पुढ्यात ठेवलेल्या अन्नात साखर, मीठ, तंतू सारखेच होते, तरी तयार अन्नावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती. आपल्याकडे तीन पाकिटांत सव्वातीनशे कॅलरी जातात, प्रथिनं जेमतेम चार ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या फुटाण्यांत बारा ग्रॅम मिळतात. मग रात्री पोरगं वरण-भाजी बाजूला सारतं आणि आई म्हणते, "खातच नाही हो."

सकाळी बायाही चहा-बिस्किटावर वावरात जातात आणि दहाच्या सुमारास हातपाय गळतात. त्यांना आंबील सांग. चौघांसाठी वाटीभर ज्वारीचं पीठ रात्री दोन वाट्या ताकात कालवायचं. सकाळी चार वाट्या पाण्याला उकळी आली की मीठ-जिरं घालून हे मिश्रण बारीक धारेने सोडायचं आणि सात-आठ मिनिटं सतत ढवळायचं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, आत कच्चं राहतं. एप्रिल-मेमध्ये रात्रभरात फार आंबतं. तेव्हा ताकाऐवजी पाण्यात दोनच चमचे ताक घालून पीठ कालवायला आणि भांडं माठाजवळ ठेवायला सांग. सोयाबीन-कपाशीमुळे ज्वारी आता बहुतेक घरी विकत येते, म्हणून माप वाटीभरच धर.

चार वाजताच्या भुकेला फुटाणे, मुरमुरे आणि फल्लीदाणे (शेंगदाणे) एकत्र करून डबा पोराच्या हाताला येईल असा ठेवायला सांग. पाच वर्षांखालचं लेकरू घरात असेल तर मात्र हा डबा त्याच्या हाती लागू देऊ नये. अख्खा फुटाणा किंवा दाणा श्वासनळीत अडकतो. त्याला फुटाण्याचं बारीक पीठ गुळाच्या पाण्यात कालवून द्यावं.

पुढच्या भेटीला "पाकीट देता का?" असं विचारू नको, बाई लाजेने नाही म्हणेल. "काल चारला पोरानं काय खाल्लं?" असं विचार आणि डबा उघडून बघ. पावसाळ्यात फुटाणे सादळतात, सादळलेले पोरगं खात नाही. तसं दिसलं तर तिथेच कोऱ्या तव्यावर दोन-तीन मिनिटं भाजून, थंड झाल्यावर परत भरून दाखव.