नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. मूत्रसंस्थेतलं नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातली रक्त गाळणारी सूक्ष्म नळी, पाठ होतं पण समजत नाही. कसा अभ्यास करू?

आकृतीतली नावं नंतर पाठ करा, आधी हिशोब बघा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर. मग बाकीचं गेलं कुठे? सगळं नेफ्रॉन या एका प्रश्नात आहे.

कोऱ्या कागदावर नळी काढा आणि प्रत्येक वळणावर लिहा: इथून काय परत रक्तात गेलं? नळीच्या सुरुवातीला असलेल्या ग्लोमेरुलसमध्ये, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या पुंजक्यात, गाळण होतं. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं मागेच राहतात. पुढच्या नागमोडी भागात सुमारे 65 टक्के पाणी व सोडियम आणि जवळपास सगळं ग्लुकोज परत घेतलं जातं. हेन्लेच्या वळणावर (नळी खाली उतरून परत वर चढते तो भाग) मात्र थांबा, बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. उतरत्या भागातून पाणी बाहेर जातं, क्षार फारसे नाही. चढत्या भागातून क्षार जातात, पाणी अजिबात नाही. त्यामुळे मूत्रपिंडाचा आतला भाग खारट राहतो. म्हणूनच एडीएच (शरीरात पाणी राखणारं संप्रेरक) आलं की शेवटच्या संग्राहक नलिकेतून पाणी तिकडे ओढलं जातं आणि लघवी घट्ट होते. उन्हात घाम गेल्यावर ती गडद पिवळी का दिसते, हे इथे उलगडतं.

मूत्रवाहिनी, मूत्राशय वगैरे रचना एका बैठकीत होते. फक्त स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी असतो हे विसरू नका; वॉर्डात मूत्रसंसर्गाच्या इतक्या स्त्रिया का दिसतात, त्याचं एक मोठं कारण ते आहे.