रॅपमुळे अमेरिकेत ड्रग्ज आणि गुंडगिरी पसरली, हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की भाचा दिवसभर जुनं रॅप ऐकत बसतो, आणि या गाण्यांनीच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत ड्रग्ज आणि टोळ्या आणल्या असं तुमच्या घरात सगळ्यांना वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. नुसत्या तारखा लावून बघा.

मी न्यू जर्सीत राहतो. जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून न्यूयॉर्क शहरातल्या ब्राँक्स या भागाकडे निघालं की क्रॉस ब्राँक्स एक्स्प्रेसवे लागतो. शहराचे रस्ते-पूल आखणारा बडा अधिकारी रॉबर्ट मोझेस याने हा रस्ता भरवस्तीतून काढला, हजारो कुटुंबं उठवली. ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले. कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन कुटुंबांना मात्र दुसरीकडे घर घ्यायला कर्ज मिळणं मुश्किल होतं, ती तिथेच अडकली. सत्तरच्या दशकात दक्षिण ब्राँक्स जळत होतं. भाड्यापेक्षा विम्याचे पैसे बरे म्हणून कित्येक घरमालकांनी स्वतःच्या इमारती पेटवून दिल्या, आणि त्याच वर्षांत शहराने पैसे वाचवायला अग्निशमन दलाच्या तुकड्या कमी केल्या. हेरॉईन तेव्हाच गल्लोगल्ली मिळत होतं. टोळ्याही होत्या.

डिसेंबर 1971 मध्ये ‘घेटो ब्रदर्स’ टोळीचा ब्लॅक बेंजी भांडण सोडवायला गेला आणि मारला गेला. त्याच्या माणसांनी सूड घेतला नाही. हो अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका क्लबात टोळ्यांची बैठक बसली आणि तह झाला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. एका टोळीच्या हद्दीतला मुलगा दुसऱ्या हद्दीत नाचायला जाऊ शकला तो त्यानंतर.

मग 11 ऑगस्ट 1973. सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरची 1520 क्रमांकाची इमारत, त्या हायवेला अगदी लागून. मी मुद्दाम जाऊन बघून आलोय, चारचौघांसारखी विटांची इमारत आहे. सिंडी कॅम्पबेलला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे होते, म्हणून तिने तळमजल्यावर पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ, जमैकाहून आलेला कूल हर्क. हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्याचा भाग आहे त्या संगीताचा, जन्म तिथला मानतात.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, 1 सप्टेंबर 1973 ला, न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नर रॉकफेलरचे ड्रग्जविरोधी कायदे लागू झाले. काही औंस हेरॉईन विकताना सापडलात तर किमान 15 वर्षं ते जन्मठेप, म्हणजे खुनाच्या तोडीची शिक्षा. मोठे विक्रेते शहाणे झाले. अल्पवयीनांना शिक्षा कमी, म्हणून माल पोरांच्या हातात आला.

भाच्याला विचारा, 1983 चं ‘व्हाइट लाइन्स’ ऐकलंय का. कोकेनच्या नादी लागू नका असं सांगणारं गाणं आहे ते. त्यात एक जागा आहे: रस्त्यावरचा पोरगा पकडला जातो आणि तुरुंगात जातो, 24 किलोसकट सापडलेला उद्योगपती जामिनावर बाहेर. मोटार कारखानदार जॉन डेलोरियनचं कोकेन प्रकरण तेव्हा गाजत होतं. सरकारनेच सापळा लावून त्याला गुन्ह्यात ओढलं हा बचाव चालला आणि 1984 मध्ये तो निर्दोष सुटला. असा बचाव मांडणारा वकील त्या पोराला कुठून मिळणार?

क्रॅक त्यानंतर पसरला. कोकेनच्या पावडरीपासूनच बनवलेला खडा, पाच-दहा डॉलरला मिळणारा, म्हणून गरिबाच्या खिशाला परवडणारा. 1986 च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं की 5 ग्रॅम क्रॅक विकलं तर किमान पाच वर्षं तुरुंग. पावडरीला तेवढ्याच शिक्षेसाठी 500 ग्रॅम लागत. द्रव्य एकच, वजनात शंभर पटींचा फरक! क्रॅक ओढणाऱ्यांत गोऱ्यांची संख्या जास्त असल्याचं सरकारच्याच पाहणीत दिसत होतं. तरी नव्वदच्या दशकात या कलमांखाली केंद्रीय तुरुंगात गेलेल्या दहापैकी साधारण नऊ जण कृष्णवर्णीय होते. हे वाचल्यापासून ते गाणं मला पूर्वीसारखं ऐकवत नाही. वजनातला हाच अन्याय ‘व्हाइट लाइन्स’वाल्यांनी तीन वर्षं आधी मांडून ठेवला होता.

लॉस एंजेलिसची कथा वेगळी, पण मुळं तीच. फायरस्टोन, जनरल मोटर्सचे कारखाने ऐंशीच्या सुरुवातीला बंद पडले. एप्रिल 1988 मध्ये पोलिसांनी एका शनिवार-रविवारी हजारांहून जास्त लोक उचलले. त्याच वर्षी तिथल्या एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाने पोलिसांविरुद्ध गाणं काढलं, तर पुढच्या वर्षी एफबीआयच्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला निषेधाचं पत्र पाठवलं.

तुमच्या घरच्यांचं एक म्हणणं मला मान्य आहे. पुढे ड्रग्जच्या धंद्याची फुशारकी मारणारी गाणी खूप आली, आणि बायकांबद्दलची त्यांतली भाषा मला आजही सहन होत नाही. जे-झीसारख्या रॅपरनी स्वतः क्रॅक विकलं आणि ते गाण्यांत सांगितलं. पण न्यूयॉर्कमध्ये 1990 साली 2,245 खून झाले होते, तो आकडा 1998 पर्यंत 700 च्या खाली आला, आणि त्याच आठ वर्षांत रॅप जगभर पोचलं. गाण्यांनी खून होत असते तर हे उलटं व्हायला हवं होतं.

तो शंभर पटींचा फरक 2010 मध्ये कमी केला. आता पाच वर्षांसाठी क्रॅक 28 ग्रॅम लागतं. पावडर अजूनही 500.