वाचक विचारतात: एवढंसं विमान एवढं लांब जातं कसं?

मागच्या अंकात गल्फस्ट्रीम जी-५५० या बिझनेस जेटबद्दल चार ओळी छापल्या होत्या, की हे विमान एकदा टाकी भरली की साधारण १२,५०० किलोमीटर न थांबता जातं. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. आणि खरं सांगायचं तर मला हे विमान मनापासून आवडतं, त्यामुळे उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: जेमतेम तीस मीटर लांबीचं विमान आणि पल्ला मोठ्या प्रवासी विमानांच्या तोडीचा. एवढं इंधन ठेवतात तरी कुठे?

पंखात. सगळंच्या सगळं पंखात, पोटात टाकी नाहीच. आणि किती, तर बघा, उड्डाणाच्या वेळी या विमानाचं जास्तीत जास्त वजन असतं साधारण ४१.३ टन आणि त्यातलं १८.७ टन नुसतं इंधन, म्हणजे धावपट्टीवरून जे उडतं त्याचा जवळजवळ निम्मा भाग रॉकेलसारखं तेल असतं. लोकांना वाटतं हे म्हणजे उडणारं आलिशान घर, सोफे नि गालिचे, पण माझ्या मते ही आधी एक उडणारी टाकी आहे आणि मग वर उरलेल्या जागेत सोफे बसवलेत.

याचा हिशोब फार कडक असतो. टाकी काठोकाठ भरली की माणसं आणि सामान मिळून साधारण ८०० किलोच उरतात, म्हणजे आठ जणं आणि त्यांच्या बॅगा. जाहिरातीतला १२,५०० किलोमीटरचा आकडा त्या आठ जणांसाठीच आहे आणि तोही मॅक ०.८० च्या वेगाला, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८० टक्के, वर ताशी साधारण ८५० किलोमीटर. सोळा जणांना बसवलंत तर तेवढं इंधन कमी भरावं लागतं, घाईत मॅक ०.८७ ने गेलात तर पल्ला आणखी आखडतो.

हे इंधन चौदा तास बाहेरच्या उणे पन्नास-साठ अंशाच्या हवेत पंखात गारठत असतं. त्यामुळे लांबून आलेलं विमान उतरल्यावर, हवेत दमटपणा असेल तर, पंखाच्या खालच्या बाजूला पांढरं बर्फाचं पापुद्र्यासारखं साकळलेलं दिसतं, वर ऊन असतं आणि खाली पंखाला बर्फ. उरलेलं इंधन आत अजून थंडगार असतं म्हणून.

प्रश्न: हे ५१,००० फुटांवर उडू शकतं असं वाचलं. एवढ्या उंचीवर जायची गरज काय? आणि आत श्वास घ्यायला त्रास होत नाही का?

गरज इंधनासाठीच. वर हवा विरळ, विरोध कमी, शिवाय नेहमीची प्रवासी विमानं साधारण ३३,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात असतात, तर हे त्यांच्यावरून जातं, गर्दी नाही आणि बरीचशी वादळंही खाली राहतात. पण लगेच तिथे पोचता येत नाही हं. भरल्या टाकीनं निघालेलं विमान आधी ४१,००० फुटांवर जातं, मग जसजसं इंधन जळून हलकं होतं तसतसं पायऱ्या चढल्यासारखं वर वर सरकतं.

आता श्वासाचं. ५१,००० फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण नवव्या हिश्शाएवढा असतो, आत मात्र ६,००० फुटांवर असतो तेवढा दाब राखतात, म्हणजे एखाद्या डोंगरावरच्या गावात बसल्यासारखं. प्रवासी विमानांत हा आकडा ८,००० पर्यंत जातो आणि चौदा तासांच्या प्रवासानंतर अंग किती जड वाटतंय यात हा फरक कळतो. सोफ्यापेक्षा मला तर हीच खरी चैन वाटते.

पण आत दाब आणि बाहेर पोकळी म्हटलं की सांगाड्यावर ताण आला. दर चौरस मीटरला साधारण सात टन! या विमानाची ती प्रसिद्ध लंबगोल आडवी खिडकी घ्या, जेमतेम दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच, त्या एका खिडकीवर आतून दीड टनाहून जास्त जोर असतो आणि तुम्ही तिला कपाळ टेकून ढग बघत असता. कोपरे नाहीत ते यासाठीच, कारण कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथून तडा जातो. १९५४ साली कॉमेट या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांच्या दोन अपघातांनंतर तपासात हेच कळलं होतं की सांगाड्यात कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांपाशी धातू थकून फाटला. तो धडा फार महागात पडून मिळालेला आहे. गल्फस्ट्रीमची खिडकी मात्र पहिल्या मॉडेलपासून अशीच लंबगोल आहे, दुरून बघूनसुद्धा विमान ओळखता येतं.

प्रश्न: ही कंपनी मुळात कोणाची? इतिहास सांगा.

मूळ ग्रमन, अमेरिकेच्या नौदलाला लढाऊ विमानं देणारी. त्यांनी १९५८ मध्ये कंपन्यांच्या साहेबलोकांसाठी म्हणून मुद्दाम बनवलेलं गल्फस्ट्रीम वन उडवलं, ते पंख्याचं म्हणजे टर्बोप्रॉप होतं. त्याआधी बहुतेक कंपन्या महायुद्धातली जुनी बॉम्बर नाहीतर मालवाहू विमानं आतून सजवून वापरायच्या. १९६६ मध्ये जेट इंजिनाचं टू आलं आणि पुढे कारखाना जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला गेला, आजही तिथेच आहे. १९७८ मध्ये अ‍ॅलन पॉलसन यांनी हा धंदा ग्रमनकडून विकत घेतला, १९८५ मध्ये तो मोटारी बनवणाऱ्या क्रायस्लरकडे गेला, मग पुन्हा पॉलसन आणि भागीदारांकडे आला आणि १९९९ पासून जनरल डायनॅमिक्स या अमेरिकन संरक्षण कंपनीकडे आहे.

आपल्या प्रश्नातलं विमान खरं जन्मलं ते गल्फस्ट्रीम फाइव्ह म्हणून. पहिलं उड्डाण नोव्हेंबर १९९५, परवाना १९९७. न्यूयॉर्कहून टोकियो न थांबता गाठायचं हे स्वप्न त्यामागे होतं. जी-५५० त्याचीच सुधारलेली आवृत्ती, २००३ ची. दरवाजा साधारण दोन फूट पुढे सरकवला, त्यानं आत जागा झाली आणि खिडक्यांची एक जोडी वाढली, बाहेरून जिथे जिथे हवा अडत होती तिथे घासूनपुसून गुळगुळीत केलं. आणि पायलटसमोरच्या काचेवर इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं चित्र येतं, त्यामुळे अंधारात, धुरकट हवेत धावपट्टीचे दिवे आधी दिसतात. जी-५५० चं उत्पादन २०२१ मध्ये थांबलं.

प्रश्न: इंजिनं शेपटीकडे का? आणि पंखांची टोकं वर वळलेली का?

पंख इतका खाली आहे की त्याच्याखाली इंजिन टांगलं तर जमिनीला टेकेल, म्हणून मागे. शिवाय गोंगाट मागे राहतो. इंजिनं रोल्स रॉइसची बीआर-७१०, बर्लिनजवळ बनणारी, आणि गंमत म्हणजे प्रतिस्पर्धी बॉम्बार्डियरच्या ग्लोबल एक्सप्रेसलाही हीच. वळलेली टोकं म्हणजे विंगलेट, पंखाखालची दाबाची हवा टोकावरून वर वळून भोवरा करते, तो भोवरा यानं कमी होतो, इंधन वाचतं. गल्फस्ट्रीमवर हे थ्रीपासून आलं, १९७९ ला.

प्रश्न: सरळ विचारते, श्रीमंतांची हौस सोडून या विमानाचा कोणाला काही उपयोग आहे का?

आहे, आणि हा प्रश्न आला याचं मला फार बरं वाटलं. जे गुण पैसेवाल्यांना हवेत, लांब जा आणि उंच जा, तेच हवामानशास्त्रज्ञांनाही हवे असतात. अमेरिकेची नोआ ही हवामान आणि समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था १९९० च्या दशकापासून एक गल्फस्ट्रीम फोर चक्रीवादळांच्या आसपास उडवत आलीय, त्यातून छोट्या पॅराशूटवर उपकरणं खाली सोडतात, ती पडता पडता तापमान, वारा, ओलावा कळवत जातात आणि वादळ कुठे वळणार हा अंदाज त्यानं सुधारतो. जर्मनीच्या संशोधकांकडे जी-५५० आहे, हालो नावाचं.

आणि अमेरिकेच्या संशोधकांकडे गल्फस्ट्रीम फाइव्ह आहे, त्यात सोफे नाहीत, उपकरणांचे रॅक आहेत. २००९ ते २०११ मध्ये त्यांनी ते प्रशांत महासागरावरून पार आर्क्टिकपासून अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रापर्यंत नेलं, नुसतं वरून नाही, सारखं खाली समुद्राजवळ उतरायचं, परत वर चढायचं, असं हजारो किलोमीटर, आणि वाटेत कार्बन डायऑक्साइड नि मिथेनचं प्रमाण मोजत. आतल्या माणसांच्या पोटाचं काय झालं असेल माहीत नाही, पण जमिनीपासून चौदा किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचा उभा छेद अशा दोन टोकांपर्यंत मिळाला तो या पल्ल्यामुळेच.