‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ फुकट बघता येतो, तर डिस्क कशाला विकत घ्यायची?

तुम्ही मुंबईत राहता, घरी पीएस5 (सोनीचा गेम कन्सोल) आहे, 1968 चा हा अमेरिकन भयपट नेटवर फुकट पडलाय, मग परदेशातून डिस्क कशाला मागवायची, असा तुमचा प्रश्न. मागवा. पीएस5 डिस्कवाला असेल तर साधी ब्लू-रे नको, तिच्याहून बारीक चित्राची 4के यूएचडी डिस्कच मागवा. पण आधी त्या ‘फुकट’चं बघू, कारण सगळा घोळ तिथे आहे.

सिनेमाचं आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. कॉपीराइटची ओळ पडद्यावरच्या त्या नावाच्या पाटीवर होती. वितरक वॉल्टर रीड ऑर्गनायझेशनने नाव बदललं, नवी पाटी जोडली, आणि ती ओळ नव्या पाटीवर आलीच नाही. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ही सूचना न छापता प्रत बाहेर पडली की हक्क संपला. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या पिट्सबर्गच्या मंडळींची कमाई अशी एका पाटीपायी गेली. पुढे व्हीएचएस आली तेव्हा ज्याच्या हाताला जी प्रिंट लागली, त्याने ती कॅसेटवर चढवली. घासलेली प्रिंट, तिच्यावरून टेप, टेपवरून टेप, त्या टेपवरून डीव्हीडी. दर पायरीला अंधारातला तपशील बुडत गेला, पांढरा भाग फुटत गेला, चौकटीच्या कडा छाटल्या गेल्या. आपल्याकडच्या व्हीसीडीत तर चित्रच मुळी 352 बाय 288 पिक्सेलचं. त्यात आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी सेकंदाला 24 चित्रांचा सिनेमा 25 ने पळवला की 96 मिनिटांचा 92 मिनिटांत संपतो आणि सगळ्यांचे आवाज चढे लागतात. लोकांना वाटतं सेन्सॉरने चार मिनिटं कापली. सिनेमा पूर्णच असतो, नुसता पळवलेला. नेटवर आज जे फुकट सापडतं त्यातलं पुष्कळसं याच खानदानातलं आहे.

मूळ 35 मिमी कॅमेरा निगेटिव्ह मात्र शाबूत होती. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि फिल्म फाउंडेशन यांनी तिच्यावरून 4के जीर्णोद्धार केला, तो 2016 मध्ये दाखवला गेला. रोमेरोने स्वतः त्यावर देखरेख केली होती. 2017 मध्ये तो गेला. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीने या जीर्णोद्धाराची ब्लू-रे 2018 मध्ये आणि 4के यूएचडी 2022 मध्ये काढली.

आता रीजनचं, म्हणजे कुठल्या भागातली डिस्क कुठल्या प्लेअरवर चालते त्याचं. ब्लू-रेसाठी भारत रीजन सी मध्ये येतो, क्रायटेरियनची अमेरिकन ब्लू-रे रीजन ए ची. तुमच्या इथल्या पीएस5 वर ती चालणार नाही. 4के यूएचडी डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, म्हणून ती चालेल. यूएचडीच्या पाकिटात सोबत ब्लू-रेही येतात आणि बरीचशी पुरवणी त्यांच्यावर आहे, ‘नाइट ऑफ अॅन्युबिस’ या नावाची याच सिनेमाची कच्ची जुळणीसुद्धा. त्या बंदच राहतील. लॅमिंग्टन रोडवर ‘ऑल रीजन’ म्हणून प्लेअर दाखवतील, तो बहुधा डीव्हीडीपुरताच ऑल रीजन असतो. रिमोटवरून कोड दाबून डीव्हीडीचं कुलूप निघतं. ब्लू-रेचं कुलूप वेगळं आणि त्याला सहसा हार्डवेअरमध्ये बदल लागतो. रीजन ए ची डिस्क खिशात घेऊन जा, दुकानात लावून दाखवायला सांगा, मगच पैसे काढा.

डिस्क आली तरी टीव्ही तिची वाट लावू शकतो. चित्राचं प्रमाण 1.37:1 आहे. 1920 बाय 1080 च्या हिशेबात मधे साधारण 1480 पिक्सेल चित्र आणि दोन्ही बाजूंना 220-220 काळे. ते काळे पट्टे तसेच राहू द्या. झूम, स्ट्रेच, ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारं सेटिंग) बंद. मोशन स्मूदिंग (टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून हालचाल गुळगुळीत करतो ते) बंद, नाहीतर 1968 चं थडगं मालिकेच्या सेटसारखं दिसतं. नॉइज रिडक्शन बंद, शार्पनेस अगदी खाली. पडद्यावर जी बारीक वाळू हलताना दिसते ती फिल्मची ग्रेन आहे, बिघाड नाही. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की यातलं बरंचसं आपोआप होतं. पीएस5 डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधार जास्त बारकाईने दाखवणारी पद्धत) देत नाही; कृष्णधवल सिनेमाचं त्यावाचून अडत नाही. ध्वनी मोनो आहे. कृत्रिम सराउंड लावू नका, संवाद घुमतात.

रंगीत केलेल्या आवृत्त्या आणि 1999 ची नवे प्रसंग आणि नवं संगीत घुसडलेली ‘तिसाव्या वर्धापनदिनाची’ आवृत्ती, दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. 1999 च्या त्या कामात रोमेरोचा हात नव्हता.

दादरच्या आमच्या सिनेमावेड्या गटात एक ज्येष्ठ आहेत. त्यांचं वर्षानुवर्षं एकच पालुपद: हा सिनेमा वार्तापटासारखा आहे, त्याची भीती मळकट प्रिंटमध्येच आहे, साफ केला की मेला. हे साफ चुकीचं आहे. रोमेरोची मंडळी जाहिरातपट करणारी होती, त्यांना दिवा कुठे ठेवायचा ते पक्कं कळत होतं. कडक सावल्या, भिंतीवर पडणारा खिडकीचा प्रकाश, सगळं ठरवून केलेलं आहे. जिथे त्यांना भरड हवं होतं तिथे त्यांनी ते स्वतः केलं: शेवटची स्थिरचित्रं वर्तमानपत्रातल्या फोटोंसारखी दाणेदार आहेत. बाकीचा सिनेमा स्वच्छ असेल तरच तो फरक डोळ्यांत भरतो. मळकट प्रतीत सगळंच सारखं दिसतं आणि शेवटाचा अर्धा घाव वाया जातो.

अर्थात एकदाच बघून विसरायचा असेल तर एवढा खर्च करू नका. नेटवर शोधताना 96 मिनिटांची, दोन्ही बाजूंना पट्टे असलेली प्रत निवडा, आणि सुरुवातीच्या स्मशानात थडगी एकेक वेगळी दिसतात की राखाडी लगदा दिसतो ते आधी तपासा. कुरिअरने मागवलीत तर कस्टम ड्युटी वेगळी पडेल, ती हिशेबात धरा. पावसाळ्यात डिस्क उभी ठेवा, कपाटात सिलिका जेल टाका. पुसायची झाली तर मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ; गोल पुसून ओरखडा उठला तर तो ट्रॅकच्या दिशेने जातो आणि प्लेअरला चूक दुरुस्त करता येत नाही.

आणि त्या ज्येष्ठांनी हे वाचलं तर त्यांना एवढंच सांगणं: तळघराचा प्रसंग दोन्ही प्रतींत लागोपाठ लावा, जुनी आधी.